ताजच्या दंतकथा आणि सीताराम वैद्य

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलविषयी दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. पहिली अपमानाची. जमशेटजी टाटांना काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन्स हॉटेलात ते नेटिव्ह म्हणून शिरू दिले नाही आणि त्या संतापातून त्यांनी समुद्रकाठी त्याहून देखणे हॉटेल उभे केले. दुसरी आत्महत्येची. नकाशे करून साहेब वास्तुशिल्पी विलायतेला गेला, परत येऊन पाहतो तो इमारत उलटी बांधलेली, तोंड गावाकडे आणि पाठ समुद्राला. त्या धक्क्याने त्याने वरून उडी घेतली. गेटवेवर फोटो काढून देणारे ही गोष्ट सांगतात, टॅक्सीवाले सांगतात, सहल घेऊन आलेले गुरुजीही सांगतात. मुलांना ती फार आवडते.

ताजचे दार पाहुण्यांसाठी उघडले १६ डिसेंबर १९०३ रोजी. २०२८ साली त्याला सव्वाशे वर्षे पुरी होतील. वाढदिवसाला कौतुक व्हायचेच, आणि ते करायला हॉटेलचे स्वतःचे प्रसिद्धी खाते समर्थ आहे. आम्हाला या दोन गोष्टींचाच विचार करावासा वाटतो. कारण दोन्ही बहुधा खोट्या आहेत, आणि खऱ्या हकिकतीत आपल्या अभिमानाला अधिक जागा आहे.

आधी अपमानाची गोष्ट. वॉटसन्समध्ये हिंदी माणसाला मज्जाव असे, हे खरे. पण जमशेटजींना दारातून परत पाठवल्याचा त्या काळातला पुरावा कोणी पुढे आणलेला नाही. त्यांना ओळखणारे 'टाइम्स ऑफ इंडिया'चे तेव्हाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर यांनी लिहून ठेवले आहे ते वेगळेच: हॉटेलचा विचार जमशेटजींच्या मनात बराच काळ घोळत होता आणि त्यांनी त्याचा कसून अभ्यास केला होता. शिवाय साल पाहावे. १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून गेली, गिरण्यांना कामगार मिळेनात, परदेशी बोटी मुंबईचे नाव काढले तरी विटाळ मानू लागल्या. याच प्लेगने हादरलेल्या मुंबईत, १८९८ साली, जमशेटजींनी अपोलो बंदरालगतची भरावाची जागा ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतली. ज्या शहरातून लोक पळत आहेत तिथे परमुलखातल्या पाहुण्यांसाठी हॉटेल बांधायला काढणे, हे रागाच्या भरात सुचणारे काम नव्हे. त्याला शहरावर भरवसा लागतो. पैसाही लागतो, सुमारे पंचवीस लाख रुपये खर्च झाले, आणि ते त्यांनी पदरचे घातले. एकीकडे विज्ञानसंस्था, पोलादाचा कारखाना आणि पाण्यापासून वीज यांचे बेत चालू असताना हा भटारखाना कशाला, असे घरच्यांनीच विचारल्याचे टाटांच्या चरित्रकारांनी सांगितले आहे. या प्रश्नातली मिश्कील बोच पारशी घरात शोभणारी आहे, म्हणून ती आम्हाला तरी खरी वाटते.

दुसऱ्या गोष्टीकडे वळलो की थोडी शरम वाटते. कारण तिच्यातला उडी मारणारा साहेब काल्पनिक आहे, आणि ताजचा खरा आराखडा करणारा माणूस मराठी होता. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी व्हिक्टोरिया टर्मिनस बांधले तेव्हा त्यांचे सहायक अभियंते म्हणून वैद्यांनी काम केले होते. १८७८ ला सुरू होऊन दहा वर्षे चाललेल्या त्या कामात त्यांनी दगड, कमान आणि घुमट यांचे पाठ गिरवले, आणि मग डी. एन. मिर्झा यांच्याबरोबर ताजचे नकाशे केले. १९०० साली काम चालू असतानाच हिवतापाने वैद्य गेले. ना उडी, ना विलायतेची वारी. डासांनी भरलेल्या शहरात कोणालाही येई तसेच त्यांना मरण आले. उरलेले काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने पुरे केले. बांधकामाचा मक्ता खानसाहेब सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांच्याकडे होता. मधल्या घुमटाखाली खालपासून वरपर्यंत अधांतरी चढत गेलेला जिना त्यांच्याच कल्पनेचा.

इमारत उलटी वगैरे मुळीच नाही. गावातून बग्ग्या यायच्या त्या पश्चिमेकडून, म्हणून मुख्य दार त्या बाजूला ठेवले. आज जिथे पोहण्याचा तलाव आहे तिथे गाड्या येऊन थांबत. दोन्ही बाहू गावाकडे उघडे, मधे अंगण, आणि पूर्वेच्या अंगाला बंदराचे पाणी दिसणाऱ्या खोल्या. पुढे दार समुद्राच्या बाजूला आले आणि जुने दार लोकांच्या विस्मरणात गेले. आठवण बुजली की तिथे गोष्ट उगवते. पण ही गोष्ट उगवताना एक मराठी नाव मातीखाली गेले, याचे वाईट वाटते. मुंबईतला कुठलाही शाळकरी मुलगा विचारल्यावर स्टीव्हन्सचे नाव कदाचित सांगेल. वैद्यांचे सांगणारा मोठा माणूसही क्वचित भेटतो. मराठी माणसाने मुंबईत काय केले, अशा सभा आपण वर्षाला डझनावारी घेतो. त्यांतल्या एखादीत या माणसाचा फोटो पाहिल्याचे आम्हाला आठवत नाही.

मूळच्या ताजमध्ये सोयी काय होत्या, हेही नीट पाहण्याजोगे आहे, कारण 'ऐषआराम' म्हणताना आज डोळ्यांपुढे येते ते झुंबर आणि गालिचा. १९०३ सालचा ऐषआराम मुख्यतः यंत्रघरात होता. विजेचे डायनॅमो, बर्फाचा कारखाना, सोडावॉटरचा कारखाना, वाफेवर चालणारे धोबीघर, जर्मन लिफ्ट, अमेरिकेहून आलेले पंखे, तुर्की पद्धतीचे स्नानगृह, स्वतःचे टपालघर, औषधाचे दुकान आणि तिथेच राहणारा डॉक्टर. यांपैकी बरेचसे सामान जमशेटजी युरोपात हिंडून स्वतः निवडत होते. विजेची यंत्रे ड्युसेलडॉर्फहून, दिव्यांची झुंबरे बर्लिनहून, आणि १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात पसंत केलेले लोखंडी खांब बॉलरूमसाठी. साठी ओलांडलेला, प्रकृतीने थकलेला गिरणीमालक गिरणीसाठी यंत्रे पारखावीत त्याच नजरेने हॉटेलसाठी पंखे पारखतो आहे, हे चित्र आम्हाला फार बोलके वाटते.

विजेचे दिवे लागलेली मुंबईतली पहिली इमारत म्हणजे ताज, असेही सर्रास छापले जाते. तेही तंतोतंत खरे नाही. क्रॉफर्ड मार्केटात १८८२ सालीच विजेचे दिवे लागले होते. पण आपल्या आवारात वीज तयार करून पंखे, लिफ्ट आणि बर्फ यांच्यासाठी ती खेळवणारे एवढे मोठे घर इथे आधी नव्हते. शहराला विजेचा नियमित पुरवठा करणारी कंपनी आली १९०५ मध्ये, विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. म्हणजे जी सोय आज चाळीतल्या खोलीतही गृहीत धरली जाते, ती मुंबईकरांनी आधी समुद्रकाठच्या त्या खिडक्यांमधून लांबून पाहिली. भाडे होते पंखा आणि स्वतंत्र न्हाणीघर असलेल्या खोलीला दहा रुपये, जेवणखाण धरून तेरा. गिरणी कामगाराच्या महिन्याच्या पगारात तिथे एखाददुसरी रात्र निघाली असती.

या विजेचा धागा पुढे कुठे जातो तेही सांगायला हवे. सह्याद्रीत पडणारा पाऊस अडवून वीज करायची आणि ती मुंबईला आणायची, हे जमशेटजींचे स्वप्न त्यांच्या पश्चात १९१५ मध्ये खोपोलीत साकार झाले. गिरण्यांवरचा धूर कमी झाला. आणि त्याच योजनेच्या पुढच्या टप्प्यात मुळशीच्या मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी तिथे सत्याग्रह उभा केला. शहराच्या दिव्यांची किंमत कोणी मोजली, या प्रश्नाचे उत्तर मुळशीत आहे. ताजच्या गौरवग्रंथांत ते प्रकरण शोधू नये. टाटांच्या नावापुढे सरसकट हात जोडणाऱ्यांनी आणि सरसकट बोट दाखवणाऱ्यांनी, दोघांनीही ते वाचावे.

हॉटेल उघडले तेव्हा काम पुरते संपलेलेही नव्हते, आणि पहिल्या दिवशी पाहुणे होते सतरा. पाचच महिन्यांनी, १९ मे १९०४ रोजी, जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथे जमशेटजी वारले. ताज चाललेले त्यांनी जेमतेम एक हिवाळा पाहिले. समोर गेटवे नव्हता. तो खुला झाला १९२४ च्या डिसेंबरात, ताजनंतर एकवीस वर्षांनी. बोटीतून येणाऱ्याला मुंबई म्हणून आधी दिसे तो ताजचा घुमट. पहिल्या महायुद्धात तिथे सहाशे खाटांचे रुग्णालय झाले. नंतर राजेरजवाडे आले, व्हाइसरॉय आले, सिनेनट आले. त्यांची यादी कुठेही मिळते, म्हणून इथे देत नाही. सरोजिनी नायडू मुंबईत असल्या की त्यांचा मुक्काम इथेच असे आणि त्यांच्या खोलीत काँग्रेसची माणसे येत-जात, एवढे मात्र नोंदवण्याजोगे आहे. साम्राज्याच्या पाहुण्यांसाठी अंथरलेल्या गालिच्यावर साम्राज्य घालवण्याची खलबते व्हावीत, हे मुंबईच्या स्वभावाला धरूनच झाले.

ताजच्या इतिहासातले आमचे आवडते प्रकरण या सगळ्यांहून वेगळे आहे. ते बॉलरूममधले आहे. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा जाझ बँड ताजमध्ये आला. मागून क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफर्ड आला. स्वतःच्या देशात ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलच्या पुढच्या दाराने शिरता येत नव्हते, ते इथे हंगामभर मानाने वाजवत राहिले. त्यांच्या शेजारी बसून शिकले गोव्याचे वादक. चर्चच्या शाळांत स्वरलेखन वाचायला शिकलेली ही मुले मुंबईत धोबीतलावच्या, माझगावच्या गावगन्ना कुडांमध्ये राहत. एकेका गावाची एकेक कूड, भिंतीशी ट्रंका लावलेल्या, मधे वेदी. वेदरफर्डच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या फ्रँक फर्नांड यांनी पुढे 'आमचें नशीब' आणि 'निर्मोण' हे कोकणी चित्रपट काढले. मिकी कोरिया यांचा बँड १९३९ पासून १९६० पर्यंत ताजचा घरचा बँड होता. आणि हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, रात्री ताजमध्ये ट्रम्पेट वाजवून दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जात. तिथे त्यांची गाठ पडली पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांशी. १९५१ च्या 'अलबेला'तली सी. रामचंद्रांची गाणी ऐकताना मागचा पितळी वाद्यांचा झणकार कुठून आला असे ज्यांना वाटते, त्यांनी ताजच्या बॉलरूमकडे पाहावे. शिकागोहून निघालेली एक लकेर गोव्याच्या माणसाच्या फुंकरीतून नगर जिल्ह्यातल्या संगीतकाराच्या चालीत उतरली आणि तिथून गणपतीच्या मांडवापर्यंत पोहोचली. ताजची पायरी कधी न चढलेल्यांनीही ताज ऐकलेले आहे.

बँडचा तो जमाना पुढे ओसरला. मुंबई इलाख्यात मोरारजीभाईंची दारूबंदी आली. मद्याच्या पहिल्या परवान्याचा मान सांगणारा ताजचा हार्बर बार १९३३ पासून होता, त्यालाही परमिटच्या कागदांत डोके घालावे लागले. १९४९ चा तो कायदा नाव बदलून महाराष्ट्रात अजून नांदतो आहे, हे परमिट रूमच्या पाट्या वाचणाऱ्यांना ठाऊक असेल.

सत्तरच्या दशकात ताजने कात टाकली. अजित केरकरांच्या हाती कारभार आला आणि एका इमारतीची कंपनी देशभर पसरू लागली: उदयपूरचा लेक पॅलेस, जयपूरचा रामबाग, गोव्याचा फोर्ट आग्वाद. मुंबईत जुन्या ग्रीन्स हॉटेलच्या जागी १९७३ मध्ये टॉवर उभा राहिला. तो आम्हाला कधीच आवडला नाही. वैद्यांच्या घुमटाशेजारी तो परका वाटतो. पण एवढ्या जुन्या वास्तूचा संसार चालवायला खोल्या हव्यात, हेही खरे. आज दोन्ही इमारती मिळून साडेपाचशेच्या आसपास खोल्या आहेत. टॉवर उभा राहिला त्याच वर्षी ताजमध्ये 'गोल्डन ड्रॅगन' हे उपाहारगृह निघाले आणि सिचुआन पद्धतीचे झणझणीत चिनी जेवण मुंबईला कळले. आज नाक्यानाक्यावर लाल गाडीवर जे 'शेजवान' मिळते, त्या भाताच्या ढिगाशी चीनचा संबंध लावणे अवघड आहे, पण त्याच्या कुळाचा मूळ पत्ता हाच. स्वयंपाकघराचे नाव मोठे केले ते मिगेल आर्कांजो मास्कारेन्यस या गोव्याच्या शेफने. लोक त्यांना मास्की म्हणत. पहिल्या मजल्यावरच्या 'सी लाउंज'मध्ये चांदीच्या चमच्यांशेजारी शेवपुरी मिळते, आणि पारशी घरांतली लग्ने तिथल्या खिडकीजवळच्या टेबलांवर जुळत. भिंतींवर हुसेन आहेत, गायतोंडे आहेत, साबावाला आहेत. या चित्रकारांना गिऱ्हाईक मिळत नव्हते त्या काळात हॉटेलने ती चित्रे घेतली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याविषयी इतके लिहिले गेले आहे की नव्याने सांगण्यासारखे थोडे आहे. ताजमध्ये ३१ जण मारले गेले. मेजर संदीप उन्नीकृष्णन तिथे धारातीर्थी पडले, माढा तालुक्यातल्या सुलतानपूरचा राज्य राखीव दलाचा जवान राहुल शिंदे पडला. हॉटेलचे आचारी, वाढपी पडले. पाहुण्यांना वाट करून देताना साखळी धरून उभे राहिलेले हे लोक होते, आणि बाहेर पडता येत असताना परत आत जाऊन खोल्याखोल्यांत फोन लावून 'दार उघडू नका, दिवे बंद ठेवा' असे सांगणाऱ्या टेलिफोन ऑपरेटर मुलीही. या वागण्याचा पुढे हार्वर्डच्या नियतकालिकात अभ्यास झाला आणि त्यात कारण सापडले ते असे, की ताज नोकरीसाठी माणसे महानगरांपेक्षा लहान गावांतून घेते आणि घेताना इंग्रजीपेक्षा घरचे वळण पाहते. व्यवस्थापनशास्त्राला याचे अप्रूप वाटले. ज्यांचा मामा किंवा काका कधी मुंबईत हॉटेलात कामाला होता त्यांना वाटले नसेल.

एक योगायोग मात्र फारसा कोणी बोलून दाखवत नाही. त्या रात्री सगळ्यांत जास्त माणसे मेली ती छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या, म्हणजे जुन्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या, फलाटांवर, आणि सगळ्यांत जास्त वेळ जळत राहिले ते ताज. दोन्ही वास्तूंवर सीताराम खंडेराव वैद्यांचा हात फिरला होता. एक लोकलच्या पासावर प्रवेश देणारी, दुसरी दारवानाच्या सलामावर. दूरचित्रवाणीचे कॅमेरे तीन दिवस दुसरीवर रोखलेले राहिले, पहिली दुसऱ्या दिवशी सकाळी धुऊनपुसून सुरू झाली. टाटांनी नंतर स्थापलेल्या विश्वस्त निधीने हॉटेलबाहेरच्या, स्टेशनावरच्या पीडितांनाही मदत केली, ही जमेची बाजू. टॉवर महिन्याच्या आत, २१ डिसेंबरला उघडला. जुनी वास्तू मेहनतीने पूर्ववत करून १५ ऑगस्ट २०१० रोजी खुली झाली. त्या जुन्या वास्तूची प्रतिमा आता नोंदणीकृत ट्रेडमार्कही आहे. २०१७ मध्ये असा मान मिळालेली ती देशातली पहिली इमारत.

वॉटसन्सचे काय झाले? १८९६ च्या जुलैत ल्युमिएर बंधूंची चालती चित्रे हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती तिथे. इंग्लंडात ओतून आणलेला त्या इमारतीचा लोखंडी सांगाडा आज एस्प्लनेड मॅन्शन या नावाने टेकू लावून उभा आहे. २००५ मध्ये तिची एक बाजू ढासळली. अपमान करणाऱ्याचे तळपट झाले, असा न्याय काढायला ही जागा सोयीची आहे. प्रत्यक्षात एका इमारतीला सतत रंगारी, सुतार, प्लंबर आणि त्यांना पगार देणारा मालक मिळत गेला. दुसरीच्या खोल्या वकिलांच्या कचेऱ्यांत, दुकानांत आणि भाडेकरूंच्या तंट्यांत वाटल्या गेल्या. वास्तू टिकतात त्या अशा.

तेव्हा सव्वाशेव्या वर्षाची तयारी सुरू होईल त्याआधी दोन मागण्या. पहिली टाटांकडे. पुण्यात टाटा समूहाचे मध्यवर्ती अभिलेखागार आहे. ताजच्या बांधणीची, स्वयंपाकघराची, बँडची, नोकरवर्गाची जी कागदपत्रे समूहापाशी असतील ती २०२८ पर्यंत मुंबईत प्रदर्शन भरवून लोकांपुढे मांडावीत, आणि ते प्रदर्शन हॉटेलच्या आत न भरवता तिकिटाविना जाता येईल अशा जागी भरवावे. वैद्य, मिर्झा आणि सोराबजी यांची नावे मराठीत, रस्त्यावरून वाचता येतील अशी लावावीत. म्हणजे सहलीच्या गुरुजींना उडी मारणाऱ्या साहेबाची गरज उरणार नाही.

दुसरी महापालिकेकडे. २६/११ नंतर सुरक्षेसाठी ताजलगतचा पदपथ कुंड्या आणि कठडे लावून अडवला गेला. गरज होती, कोणी कुरकुर केली नाही. पुढे त्या जागेच्या शुल्कावरून आणि त्यातल्या सवलतीवरून महापालिकेत वादही झाले. इतक्या वर्षांनी सुरक्षेचा नव्याने आढावा घेऊन, जेवढा पदपथ मोकळा करता येईल तेवढा करावा, आणि जो करता येणार नाही त्याचे शुल्क पुरे घ्यावे. इतर दुकानदारांकडून घेतात तसे.